त्या फुलाचा पत्ता छापू नका

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टवरचा लेख आवडला, पण रानटी ग्लॅडिओलस नेमका कुठे फुलतो ती जागा फोटोसकट छापलीत ते अजिबात पटलं नाही. अख्ख्या ब्रिटनमध्ये हे गुलाबी-जांभळट फूल आता फक्त तिथेच रानात उगवतं, कंद जमिनीत आणि वर ब्रॅकन नेच्याचं दाट रान, त्या आडोशामुळेच तर ते चरणाऱ्या घोड्यांपासून वाचतं, मग फोटोसाठी तोच नेचा तुडवत लोक आत शिरले की काय उरणार? ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते तोडणं-उपटणं गुन्हा आहे, त्याचा लेखात उल्लेखसुद्धा नाही. जून-जुलैत आपले कितीतरी लोक तिकडे मुलांकडे जातात, त्यांनी जंगल जरूर बघावं, पण पुढच्या वेळी प्लीज फक्त जंगलाचं नाव द्या.

– एक वाचक, साउदॅम्प्टन