टपालपेटीवरची तिसरी ओळ

प्रिय आजी,

पहिल्याच आठवड्यात तू मला दटावलं होतंस, "मला 'उस्तेद' म्हणायचं नाही, 'तू' म्हण." तेव्हा माझी जीभ अडखळली होती. पण आमच्या मराठीतही आपल्या आजीला तूच म्हणतात, अहो-जाहो परक्यांना. म्हणून हे पत्रही तसंच लिहितेय. तुला ते वाचता येणार नाही हे ठाऊक आहे. पण माझ्या मनात जे आहे ते माझ्या स्पॅनिशमध्ये मावत नाही. शिवाय स्पेनमधल्या सालामांकात मला कुणी सांभाळलं, हे माझ्या माणसांनाही कळायला हवं.

मी तिथे शिकायला आले तेव्हा तुझ्या शेजारच्या फ्लॅटमधली एक खोली आणि दोन बॅगा, एवढंच माझं होतं. ज्यांनी आमच्याकडून भरपूर पैसे घेऊन मला पाठवलं, ते पुण्यातले सल्लागार "तिथे गेल्यावर सगळं आपोआप होतं" म्हणाले होते. आपोआप काहीच झालं नाही. घरमालकाने दोन महिन्यांचं डिपॉझिट रोख घेतलं आणि मग दोनच गोष्टींना हात जोडले: नगरपालिकेत पाद्रोनची, म्हणजे रहिवासी म्हणून नोंद करायची नाही आणि टपालपेटीवर नाव लावायचं नाही. भाडं घेताना मी होते, कागदावर मात्र नव्हते. ज्यांच्याकडे मदत मागायची त्या कार्यालयातून दोनदा एकच लिंक आली. आपल्याकडच्या एका ओळखीच्या कुटुंबाने तर फोन उचलणंच बंद केलं. त्यांना मी काय मागणार होते? कुठे जाऊ, एवढंच विचारायचं होतं.

पेटीवर नाव नाही म्हणून बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं. नोव्हेंबर लागला होता. एवढ्या उंचावरच्या त्या पठारावर थंडी कशी असते हे कराडच्या मुलीला कोण सांगणार? त्या संध्याकाळी मी जिन्यात बसून रडत होते आणि तू दार उघडलंस. काही विचारलं नाहीस. "ईखा, आत ये." ईखा म्हणजे पोरी, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

तुझ्या त्या गोल टेबलाखाली पाय घालून बसल्याचं मी कधी विसरणार नाही. जमिनीपर्यंत लोंबणारं जाडजूड कापड आणि त्याच्या आत ब्रासेरो, विजेची शेगडी. कापड मांडीवर ओढून घ्यायचं की कमरेखालचा सगळा देह गोधडीत शिरल्यासारखा. तू मसुराची उसळ वाढलीस, चोरिसो न घालता, कारण मी मांस खात नाही हे तू कधीतरी ऐकून ठेवलं होतंस.

तरी माझ्या मनात घर करून राहिलंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

तू गळ्यात चष्मा अडकवून खाली आलीस. हातात बिस्किटांच्या खोक्याचा कापलेला तुकडा आणि निळं पेन. तुझ्या पेटीवर दोन ओळी होत्या: वरची आजोबांची, खालची तुझी. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, ओळ तशीच होती. तू नव्या तुकड्यावर त्या दोन्ही ओळी पुन्हा लिहिल्यास आणि माझं नाव विचारलंस. मी सांगितलं. आडनाव सांगितलं. तू पेन तसंच धरून थांबलीस.

"आणि दुसरं?"

मी म्हटलं, आम्हाला एकच असतं.

"म्हणजे आईचं कुठे गेलं?"

तुमच्याकडे बाई लग्नानंतर आपलं आडनाव सोडत नाही आणि लेकराला दोघांचंही लागतं. माझ्या आईचं आडनाव 1996 साली लग्नात गेलं, आणि तांदळात अंगठीने लिहून नावही बदललं. हे मी तुला तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं. तू मान हलवलीस आणि म्हणालीस, "पेटीवर जागा आहे." आईच्या माहेरच्या आडनावात 'ळ' आहे. तो तुला काही केल्या म्हणता येईना, तरी तीनदा म्हणून पाहिलास आणि मगच लिहिलास. ठळक, मोठ्या अक्षरांत.

मी फोटो काढून आईला पाठवला. तिचं उत्तर खूप उशिरा आलं: "हे नाव मी शेवटचं बारावीच्या मार्कशीटवर पाहिलं होतं." आमच्याकडे आता नियम झालाय, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचं. चांगलंच झालं. पण तिचं माहेरचं आडनाव त्यातही कुठे नाही, आणि तुझ्या पेटीवर आहे.

त्यानंतर बँकेचं कार्ड आलं, बाकीचंही हळूहळू मार्गी लागलं. पाद्रोनची नोंदही तुझ्याच पत्त्यावर झाली. तू माझ्याबरोबर आलीस आणि खिडकीतल्या बाईंना म्हणालीस, "ही माझ्याकडची आहे." आजी, मी 1218 साली सुरू झालेल्या विद्यापीठात शिकले. तिथल्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक ज्याला सापडतो तो पास होतो म्हणतात. तो मला तूच बोट धरून दाखवलास. माझ्या डिग्रीच्या कागदावर तुझं नाव कुठे नाही, हे मला खटकतं. माणसाला दारात उभं न करता आत घेणारी माणसं जगात आहेत. ती फार बोलत नाहीत, कापडाचं टोक तेवढं उचलून धरतात. मला ती इतक्या लांब भेटली आणि तीन शहरं ओलांडून फोन न उचलणारी माणसं आपलीच निघाली, हे सल म्हणून नाही सांगत. असलं तर असू दे.

निघायच्या दिवशी मी खाली जाऊन तो तुकडा काढायला लागले. तू माझा हात धरलास. "राहू दे. अजून टपाल येईल."

म्हणून हे पत्र मी कराडहून पोस्टाने पाठवतेय. सोबत आईने स्पॅनिशमधल्या चार ओळी लिहिल्यात, माझ्याकडून शिकून. खाली सही केलीय ती माहेरच्या नावाने. वर पत्त्यात तुझं नाव आहे, दोन्ही आडनावांसकट.

तुझी,
तिसऱ्या ओळीतली नात