गाडी अडवलीत, आता बस द्या : कर्नाटकच्या वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री,
कर्नाटक राज्य, विधानसौध, बेंगळुरू

प्रत माहितीसाठी : माननीय परिवहनमंत्री, कर्नाटक राज्य

विषय : शनिवार-रविवारी डोंगरवाटांवर येणाऱ्यांसाठी वनविभागाच्या परवान्याला जोडलेली बससेवा सुरू करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

नोकरीनिमित्त बेंगळुरूत येऊन मला चौदा वर्षे झाली. या काळात पश्चिम घाटाच्या कर्नाटकातील बहुतेक परिचित वाटा आणि केरळ-तमिळनाडूतील काही वाटा मी पायांखाली घातल्या. या पत्राची कन्नड प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. मराठीत ते उघडपणे लिहिण्याचे कारण इतकेच की बेंगळुरूतल्या आणि पुण्या-कोल्हापुराकडून येणाऱ्या मराठी भटक्यांची संख्या या डोंगरांत थोडी नाही, आणि जी तक्रार मी मांडणार आहे तिच्यात आम्हीही वाटेकरी आहोत.

2024 च्या जानेवारीत प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला आणि जोडून तीन दिवसांची सुट्टी मिळाली. त्या वेळी कुक्के सुब्रह्मण्यहून चढणाऱ्या कुमार पर्वताच्या वाटेवर झालेल्या गर्दीची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. डोंगराच्या सोंडेवर माणसांची रांग आणि त्या रांगेला पुढे सरकायला जागा नाही, असे ते दृश्य होते. आपण त्यानंतर ऑनलाइन नोंदणी नसलेल्या वाटा काही काळ बंद ठेवल्या आणि पुढे ‘अरण्य विहार’ या संकेतस्थळावरून नोंदणी सुरू करून एका वाटेवर दिवसाला जास्तीत जास्त 300 जणांची मर्यादा जाहीर केली. माझ्या ओळखीच्या अनेक डोंगरवेड्यांनी तेव्हा नाके मुरडली, पण मला तो निर्णय योग्य वाटला आणि आजही वाटतो. शोला जंगलाच्या, म्हणजे घाटमाथ्यावरच्या ठेंगण्या सदाहरित रानाच्या, कडेचे गवताळ माळ दिसायला कितीही मोकळे असले तरी एकाच पायवाटेवरून सतत माणसे गेली की गवत मरते, उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहू लागते आणि पायवाटेची घळ होते. तेव्हा मर्यादा हवीच.

मात्र ही मर्यादा डोंगराच्या पायथ्याशी सुरू होते. बेंगळुरू ते पायथा या तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरच्या प्रवासाचा विचार अजून कोणी केलेला नाही.

शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास शहरातल्या कोणत्याही मोठ्या मेट्रो स्थानकाबाहेर टेम्पो ट्रॅव्हलर एकामागे एक उभ्या दिसतात. पाठीवर सॅक, हातात उशी, काहींच्या पायात आधीच चढवलेले जळूंपासून वाचवणारे मोजे. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरल्यावर आम्ही बारा जण असेच कुद्रेमुखच्या रांगेतल्या एका शिखरासाठी निघालो. रात्रभर गाडी चालवून चालकाने पहाटे पाचला आम्हांला एका होमस्टेवर सोडले. आम्ही तोंड धुऊन, नीर दोसा खाऊन, जीपने पायथा गाठला आणि दिवसभर चाललो. संध्याकाळी परतलो तेव्हा आमचा चालक गाडीतच झोपलेला होता. पुढच्या दोन सीटवर आडवा, पाय दाराबाहेर आणि डाव्या घोट्यावर फुगलेली जळू. होमस्टेच्या दरात बारा माणसे होती. तेरावा मोजलेला नव्हता. त्याला अंथरूण नव्हते आणि दुपारचे जेवणही त्याने रस्त्यावरच्या टपरीवर केले होते. हे विचारायचे आम्हांला सुचले नाही, ही आमची चूक. रविवारी रात्री परतताना घाटातल्या एका वळणावर त्याचा क्षणभर डोळा लागला आणि गाडीची डावी बाजू कठड्याला घासत गेली. कोणाला खरचटलेदेखील नाही. त्या रात्री मात्र मला पहिल्यांदा उमगले की माझ्या परवान्यावर माझे नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक आहे, पण मला तिथे पोचवणारा माणूस या व्यवस्थेच्या कोणत्याच कागदावर नाही.

आता माझी मुख्य विनंती मांडतो. मॅजेस्टिकच्या, म्हणजे बेंगळुरूच्या मुख्य, बसस्थानकावरून धर्मस्थळ, कुक्के सुब्रह्मण्य, शृंगेरी, होरनाडू या देवस्थानांकडे रात्रीच्या बस जातात आणि पहाटे भाविकांना दारात उतरवतात. यांतल्या कित्येक बस नेमक्या आपल्याच डोंगरांच्या पायथ्याजवळून जातात. होरनाडूच्या अन्नपूर्णेश्वरीकडे जाणारी बस कळसा गावावरून जाते आणि कळसा म्हणजे कुद्रेमुख शिखराकडे जाणाऱ्यांचे नैसर्गिक ठाणे. मुख्य अंतर सरकारी बस आजही कापते. तुटते ते शेवटच्या टप्प्यावर, कारण पहाटे पाच वाजता कळशाला उतरलेल्या माणसाला पुढे नेणारे खात्रीचे वाहन नसते, आणि त्या अर्ध्या तासाच्या प्रवासासाठी लोक बेंगळुरूपासूनच स्वतःची किंवा भाड्याची गाडी काढतात.

तेव्हा नोंदणीच्या वेळीच परवान्याबरोबर बसचे आसनही आरक्षित करण्याची सोय द्यावी, आणि पहाटे अशा ठाण्यापासून पायथ्याच्या नाक्यापर्यंत व संध्याकाळी परत, अशी छोटी बस शनिवार-रविवार चालवावी. नाक्यापासून पुढे जिथे कच्चा रस्ता आहे तिथे गावातल्या जीपच चालू राहाव्यात. तो त्या कुटुंबांचा रोजगार आहे आणि त्या रस्त्यावर बस नेण्याचा प्रयत्न कोणी करूही नये. हिशेब सोपा आहे. 300 माणसे पन्नास आसनांच्या सहा बसमध्ये बसतात. तीच माणसे चार-चार जणांनी मोटारीतून आली तर 75 मोटारी होतात, आणि त्या मोटारी उभ्या करायला पायथ्याच्या गावात शेताचा किंवा रस्त्याचा तुकडा लागतो. एका अरुंद रस्त्यावर अशा उभ्या मोटारींमागे दुधाच्या कॅनची रिक्षा तासभर अडकलेली मी स्वतः पाहिली आहे. तिचा चालक शांतपणे खाली उतरून एकेक कॅन खांद्यावर घेऊन पुढच्या वळणापर्यंत पायी नेत होता आणि मोटारींमधून बाहेर पडलेली मंडळी धुक्याचे फोटो काढत होती.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. कुक्केपर्यंत बस थेट जातेच, आणि गर्दी उसळली ती नेमकी कुमार पर्वतावर. मग बस वाढवल्याने गर्दी वाढणार नाही काय? माझ्या मते तेव्हा बस आणि परवाना यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, म्हणून तसे घडले. परवाना हेच तिकीट असेल तर बस जितकी आसने नेईल तितकीच माणसे येतील, आणि आयत्या वेळी नाक्यावर पोचून वनरक्षकाशी हुज्जत घालणारा गट मुळात बेंगळुरूतूनच निघणार नाही.

शेजारच्या राज्यात न्यायालयाला हे काम हाती घ्यावे लागले, हे आपणांस ठाऊक आहेच. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने 7 मे 2024 पासून निलगिरी आणि कोडैकानलला जाणाऱ्या वाहनांना ई-पास लागला. 2025 च्या उन्हाळ्यासाठी तर आकडेच ठरवून दिले गेले : निलगिरीत एरवी 6000 आणि शनिवार-रविवारी 8000 वाहने, कोडैकानलला 4000 आणि 6000. त्यातून सरकारी बस आणि रेल्वे वगळली होती, आणि माझ्या दृष्टीने आदेशातला सर्वांत शहाणपणाचा भाग तोच. आपल्याकडेही चिक्कमगळूरु जिल्ह्यात मुळ्ळयनगिरीकडे जाणाऱ्या वाहनांची नोंदणी सुरू झाली आहे. 1930 मीटर उंचीच्या, राज्यातल्या सर्वोच्च शिखराजवळ मोटार थेट नेता येते, हे मला पहिल्यापासून विचित्र वाटत आले आहे. आम्ही मराठी माणसे माथेरानला जातो तेव्हा गाडी दस्तुरी नाक्यावर ठेवतो आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा छोट्या गाडीने जातो. त्यामुळे माथेरानचे पर्यटन बुडालेले नाही. चिक्कमगळूरुला रेल्वे आहे, बसस्थानक आहे. तिथून वर जाणारी, दर अर्ध्या तासाने सुटणारी बस असेल तर नोंदणी करून मोटार नेण्याची गरज निम्म्या लोकांना उरणार नाही.

बसचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे. 11 जून 2023 पासून राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसमध्ये शक्ती योजनेखाली मोफत प्रवास करता येतो. माझ्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या एक बाई या योजनेमुळे मुलींना घेऊन धर्मस्थळ आणि शृंगेरी पाहून आल्या. नंदी हिल्सचे धुके मात्र त्यांनी केवळ मोबाइलवर पाहिले आहे, कारण सूर्योदयाला तिथे पोचायचे तर दुचाकी किंवा मोटार लागते, आणि ठिकाण शहरापासून अवघ्या साठ किलोमीटरवर आहे. एका दिवसाच्या सहलीसाठी रजा आणि पेट्रोल या दोन्ही गोष्टी परवडणाऱ्यांनाच डोंगर मिळावा, असा कोणाचा हेतू नसेल, पण सध्या घडते ते हेच.

वाटाड्यांविषयी थोडक्यात लिहितो. 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून 23 जण गेले. वणव्याच्या दिवसांत, वारा आणि गवत जाणणाऱ्या स्थानिक माणसाशिवाय असे गट डोंगरात शिरणे किती धोक्याचे आहे, हे त्या दुर्घटनेने दाखवले. पुढे तमिळनाडूने नियम केले आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये वनविभागाच्या पुढाकाराने 40 वाटांची योजना सुरू केली. तिच्यात परिसरातल्या, बहुतांशी आदिवासी तरुणांना प्रशिक्षण देऊन वाटाडे नेमले आहेत, आणि वणव्याच्या हंगामात वाटा बंद ठेवल्या जातात. आपल्याकडे वाटाडे आहेत, पण त्यांच्या कामाचे स्वरूप पुष्कळदा शिट्टी वाजवून लोकांना हाकण्यापुरतेच उरते. माझ्या एका वाटाड्याने गवताच्या टोकावरच्या दवाकडे पाहून दुपारी पाऊस येणार नाही असे सांगितले आणि तो आला नाही. असे ज्ञान असलेल्या माणसाला किमान आठ-दहा जणांमागे एक याप्रमाणे काम मिळावे आणि त्याचे पैसे परवान्याच्या शुल्कातून थेट त्याच्या खात्यात जावेत.

वाटा बंद ठेवण्याचे दिवसही आधीच ठरवता येतील. केरळात एरविकुळम राष्ट्रीय उद्यान दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निलगिरी ताहर या रानशेळीच्या विणीसाठी बंद असते; लोक ते गृहीत धरतात आणि कोणी कुरकुर करत नाही. आपण आगामी वर्षाचे असे वेळापत्रक ऑक्टोबरमध्येच जाहीर केले तर आयत्या वेळी वाट बंद झाल्यामुळे होणारा मनस्ताप कमी होईल आणि गवताला, प्राण्यांना विसावा मिळेल. 2022 मध्ये मुळ्ळयनगिरीच्या चंद्रद्रोण रांगेत नीलकुरिंजी फुलली तेव्हा फोटोसाठी लोक झुडपांत घुसून उभे राहत होते. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते तेव्हा आमच्याकडेही तेच होते, म्हणून मी कोणाला नावे ठेवत नाही. बारा वर्षांनी येणाऱ्या फुलाची तयारी दोन वर्षे आधी करता येते, एवढेच.

कचऱ्याबद्दल एकच सूचना. निलगिरीत 2022 पासून सरकारी दुकानांतल्या दारूच्या बाटलीवर 10 रुपये जादा घेतात आणि बाटली परत दिली की ते परत करतात. आपल्या नाक्यांवर सॅक उघडून प्लास्टिक मोजतात. तिथेच प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून अनामत घेतली आणि उतरताना बाटली दाखवल्यावर ती परत दिली, तर झाडीत रिकाम्या बाटल्या फेकण्यापूर्वी माणूस जरा थांबेल.

हे सगळे एकदम करा, असे मी म्हणत नाही. येत्या ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत कळसा ठाण्यावर एक प्रयोग करून पाहावा. नवे रिसॉर्ट बांधायला परवानगी देण्यापूर्वी कुद्रेमुखच्या जुन्या खाणवसाहतीतल्या रिकाम्या घरांचा विचार व्हावा. खाण 2005 च्या अखेरीस बंद झाली आणि त्यानंतर तिथली वस्ती ओसरली. बसचालकांच्या विश्रांतीसाठी आणि प्रवाशांच्या स्वच्छतागृहासाठी तिथल्या दोन-चार इमारती वनकायद्याच्या चौकटीत बसत असतील तर वापराव्यात. अशी बस सुरू झाल्यास पहिल्याच शनिवारी आमच्या गटाची बारा तिकिटे आम्ही काढू. मागच्या वेळच्या आमच्या चालकाला मी फोन करून या पत्राविषयी सांगितले, तेव्हा तो म्हणाला, ‘माझी शनिवारची भाडी जातील, सर, पण त्या बसवर ड्रायव्हर लागतीलच ना?’ नाक्यापर्यंतच्या छोट्या बससाठी माणसे नेमताना अशा चालकांचा विचार व्हावा, ही या पत्रातली शेवटची विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
बेंगळुरूत राहणारा एक मराठी नागरिक