कोडे छापण्याआधी कोणीतरी सोडवून पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी आपल्या दैनिकात छापून आलेल्या सुडोकूविषयी आणि त्या निमित्ताने एकूणच चौकटींच्या कोड्यांविषयी लिहीत आहे. पत्र जरा लांबेल, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

त्या दिवशीचे कोडे नेहमीप्रमाणे सकाळच्या चहाबरोबर हातात घेतले. पन्नास घरे भरली आणि शेवटची चार अडली. सातव्या आणि आठव्या ओळीतली, तिसऱ्या आणि पाचव्या रकान्यातली. चारही घरांत ३ नाही तर ८. वरच्या ओळीत ३-८ आणि खालच्या ओळीत ८-३ लिहिले तरी सगळे जुळत होते, उलट लिहिले तरी जुळत होते. आणि सुडोकूला तर एकच उत्तर असायला हवे. मला वाटले, आधी कुठेतरी आपणच चुकलो. सगळे खोडून पुन्हा केले. रबराने कागद विरला, तेव्हा कोऱ्या कागदावर चौकट आखून तिसऱ्यांदा केले. पुन्हा तीच चार घरे. दुपारी वाचनालयात आमच्याबरोबर कोडी सोडवणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना फोन केला. मी काही सांगायच्या आतच त्या म्हणाल्या, "तुमचंही ३-८ वरच अडलंय का हो?"

मग मी पेपर उलटा धरला. दिलेले अंक मोजले तर २७ होते. सुडोकूत दिलेल्या अंकांची मांडणी बहुधा अशी असते, की कागद अर्धा फिरवला तरी भरलेली घरे त्याच जागी दिसावीत. इथे तिसऱ्या ओळीच्या सातव्या घरात ५ छापला होता. त्याच्या जोडीचे घर म्हणजे सातव्या ओळीतले तिसरे, आणि ते कोरे होते. बाकी सगळ्या जोड्या बरोबर. म्हणजे तिथला अंक छपाईत गळला होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, त्यात त्या घरात ८ होता. तो ८ लिहिला की उरलेली तीन घरे एका क्षणात भरतात.

हे मला दिसले, कारण माझी सगळी उमर चौकटीच्या कागदावर गेली. सोलापुरात चादरीच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षे नक्षीचे ग्राफ काढले. ग्राफच्या कागदावर उभा रकाना म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा धागा. घर भरले की तिथे ताणा वर उचलायचा, कोरे ठेवले की खाली. त्या ग्राफवरून पुठ्ठ्यांना भोके पाडायची आणि पुठ्ठ्यांची माळ जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर, चढवायची. ग्राफमध्ये एक घर चुकले तर मोराची चोच तुटते, आणि ती एका चादरीत तुटत नाही, त्या माळेवर विणलेल्या प्रत्येक चादरीत तुटते. म्हणून ग्राफ काढणाऱ्याने काढायचा आणि दुसऱ्या माणसाने घर न् घर मोजायचे, असा आमचा रिवाज होता. दुसऱ्याची सही झाल्याशिवाय पुठ्ठा पंचिंगला जात नसे.

संपादक महोदय, अंक गळला म्हणून माझी तक्रार नाही. छपाईत अंक गळतो, आमचाही पुठ्ठा फाटायचा. छापण्याआधी ते कोडे एकाही माणसाने सोडवून पाहिले नाही, ही माझी तक्रार आहे. सोडवणारा माझ्यासारखाच त्या चार घरांपाशी येऊन थांबला असता. शब्दकोड्याखाली ते रचणाऱ्याचे नाव आपण छापता. सुडोकूखाली नाव नसते, कारण ते कोणी रचलेलेच नसते.

सुडोकू जपानी आहे असे बहुतेकांना वाटते, पण त्याचा जन्म अमेरिकेतला. हॉवर्ड गार्न्स नावाच्या इंडियानाच्या निवृत्त वास्तुविशारदाने ते रचले आणि १९७९ मध्ये डेल या प्रकाशन संस्थेच्या कोड्यांच्या मासिकात ते आले. तोक्योच्या निकोली या कोड्यांच्या प्रकाशनाने १९८४ मध्ये ते जपानात नेले. तिथे त्याला दिलेल्या लांबलचक जपानी नावाचा अर्थ असा, की आकड्यांनी अविवाहितच राहायचे. त्याचे लहान रूप म्हणजे सुडोकू. १९८६ मध्ये निकोलीने दोन नियम घातले: दिलेले अंक ३२ पेक्षा जास्त नकोत, आणि त्यांची मांडणी कागद अर्धा फिरवला तरी सारखीच दिसायला हवी. मी पेपर उलटा धरून जी जोडी शोधली, ती या दुसऱ्या नियमाची देणगी. पुढे हाँगकाँगमधून निवृत्त झालेले न्यायाधीश वेन गूल्ड यांनी सुडोकू तयार करणारा संगणक प्रोग्रॅम लिहिला. नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या टाइम्सने त्यांची कोडी छापायला सुरुवात केली आणि तिथून ती जगभरच्या वर्तमानपत्रांत पसरली. वर्तमानपत्रांना यंत्राचे सुडोकू मिळाले ते असे. निकोली मात्र आजही माणसांनी हाताने रचलेलीच कोडी छापते.

संगणकाशी माझे वैर नाही. सुडोकूला एकच उत्तर असावे म्हणून किमान १७ अंक द्यावेच लागतात, १६ पुरत नाहीत, हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गणितज्ञांनी संगणकावर तपासूनच दाखवले. तपासण्याच्या कामात त्याचा हात कोणी धरू शकणार नाही. पण सोडवणारा कुठे अडावा, कुठे त्याला वाटावे की आता सुटले आणि कुठे तो चकावा, हे माणूस ठरवतो. हाताने रचलेले कोडे सोडवताना समोर कोणीतरी बसले आहे असे मला वाटते. त्याने एक अंक मुद्दाम तिथे ठेवलेला असतो आणि मी तो बघावा म्हणून तो वाट पाहत असतो.

शिवाय चौकटीचे कोडे म्हणजे फक्त सुडोकू नव्हे. माझ्या मुलीने पुण्याहून काही पाने छापून आणली, तेव्हा मला स्लिदरलिंक, नुरिकाबे, मास्यू, काकुरो ही नावे कळली. पण नियम सगळे इंग्रजीत. ते मी मराठीत उतरवले आणि गेली दोन वर्षे दर रविवारी आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर एक कोडे काढतो. मुलांनी स्लिदरलिंकचे 'कुंपण' केले आणि नुरिकाबेचे 'बेटं'.

कुंपणाचा नियम दोन ओळींचा आहे. टिंबांच्या जाळीत टिंबे जोडत एकच बंद रेषा काढायची, ती स्वतःला कुठे छेदायची नाही. घरात अंक असेल तर त्या घराच्या तेवढ्याच बाजूंवरून रेषा गेली पाहिजे. एका रविवारी फळ्यावर अगदी कोपऱ्यातल्या घरात ३ होता. सहावीतली एक मुलगी बराच वेळ नुसती बघत राहिली आणि मग म्हणाली, "आजोबा, कोपऱ्यातल्या टिंबाला दोनच रस्ते आहेत. एकानं आत आलो तर दुसऱ्यानं बाहेर पडावंच लागणार. म्हणजे दोन्ही आखायचे नाहीतर दोन्ही सोडायचे. सोडले तर उरतात दोन बाजू, मग तीन कशा होणार?" तिने खडू घेतला आणि त्या दोन बाजू आखल्या. खडू खाली ठेवता ठेवता म्हणाली, "आणि तिथं १ असता तर दोन्ही सोडल्या असत्या." हे तिला कोणी सांगितले नव्हते. गणितात ती जेमतेम आहे असे तिची आई मला म्हणाली होती.

हे स्लिदरलिंक मुळात वाचकांचेच. दोन वाचकांनी निकोलीकडे दोन वेगवेगळ्या कल्पना पाठवल्या, त्या संपादकांनी एकत्र केल्या आणि १९८९ मध्ये हा प्रकार छापला गेला. तिथे वाचक कोडी पाठवतात, ती छापली जातात आणि खाली रचणाऱ्याचे नाव येते. आपल्याकडेही अशी कोडी रचणारी माणसे आहेत. जागतिक सुडोकू आणि कोडी स्पर्धा २०१७ मध्ये बेंगळुरूत भरल्या होत्या, आणि त्यांतली कोडी माणसेच रचतात. मराठीतून त्यांना जागा मिळायला हवी, एवढेच.

मीही रचायला शिकलो. कारखान्यातले उरलेले ग्राफचे कागद घरी होते. आधी बंद रेषा काढली, सगळ्या घरांत अंक लिहिले आणि मग एकेक अंक काढून घेत सोडवून पाहिले. फार काढले की उत्तरे दोन होतात, थोडे काढले तर कोडे आपोआप सुटते. दहा बाय दहाच्या पहिल्या कुंपणाला अकरा दिवस लागले. सातव्या दिवशी मी काढलेला एक २ परत लिहावा लागला. त्याच्याशिवाय रेषा डाव्या अंगाला दोन तऱ्हांनी वळत होती, आणि ते मला दिसले नव्हते, शिक्षिकाबाईंना दिसले.

म्हणून विनंती अशी. रोजचे सुडोकू यंत्राचे असले तरी चालेल, पण छापखान्यात जाण्याआधी ते छापील पानावरूनच कोणीतरी पेन्सिलीने सोडवावे. वीस मिनिटांचे काम आहे. चौकट आता इतकी बारीक झाली आहे की आमच्या वयाच्या माणसाला घरात खुणेचा अंक लिहिता येत नाही, ती निदान चार बोटे रुंद असावी. आणि रविवारच्या पुरवणीत एक कोडे माणसाने रचलेले द्यावे, दर आठवड्याला निराळ्या प्रकारचे, वर मराठीत नियम आणि खाली रचणाऱ्याचे नाव घालून. सुरुवातीला कोडी मिळेनात तर वाचकांकडून मागवा. पाठवणारे निघतील, याची मला खात्री आहे.

सोबत दहा बाय दहाचे एक कुंपण जोडले आहे. मी सोडून आणखी तिघांनी ते वेगवेगळे बसून सोडवले आहे, त्यात ती सहावीतली मुलगीही आहे. उत्तर वेगळ्या पाकिटात घातले आहे. आधी आपण सोडवावे, मग पाकीट उघडावे.

आपला,
एक निवृत्त ग्राफ डिझायनर, सोलापूर