दिवा विझला, पण एअरबॅग कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला एअरबॅग मॉड्यूल (धडक ओळखून एअरबॅग उडवणारी डबी) 'रिसेट' करण्याचा लेख रविवारी वाचला, सोमवारी चष्मा पुसून पुन्हा वाचला. राग काही उतरला नाही, म्हणून हे पत्र. धडकेनंतर कंपनी नवं मॉड्यूल गळ्यात मारते ही लूट, बाहेर लॅपटॉप जोडून आतली धडकेची नोंद पुसून मिळते, डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझतो आणि गाडी 'पूर्ववत' होते, असं लेखकमहाशय म्हणतात. त्या 'पूर्ववत'वर मी लाल पेनाने गोल केला आहे. सवय जात नाही. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं.

माझी कथा ऐका. दोन वर्षांपूर्वी जुनी गाडी घेतली. घेताना २०१९ च्या जुलैनंतरचीच हवी असा हट्ट धरला होता, कारण १ जुलै २०१९ पासून चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली हे तुमच्याच पेपरात वाचलं होतं. विकणाऱ्याने चावी फिरवून दाखवली. लाल दिवा लागला, पाच-सहा सेकंदांनी विझला. "बघा काका, सिस्टिम ओके." मीही मान डोलावली. त्या गाडीत आमच्या सौभाग्यवतींना शेजारी बसवून अमळनेर-धुळे किती फेऱ्या मारल्या याचा हिशोब नाही. लेक धुळ्याला असते. हंगामात त्या रस्त्यावर कापसाच्या ट्रॉल्या कशा चालतात तुम्हाला ठाऊक आहे. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, अंधारात एकदम पुढ्यात कापसाचा डोंगर.

गेल्या महिन्यात हॉर्न बंद पडला. धुळ्यात एका जुन्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने आधी बॅटरीची तार काढली आणि चहा मागवला. म्हटलं, काम कर की बाबा. तो म्हणाला, "आबा, दहा मिनिटं थांबा. तार काढली तरी मॉड्यूलमधी करंट साठेल ऱ्हातो. घाई केली तर एअरबॅग तोंडावर फुटते." चहा झाला. त्याने स्टिअरिंगवरचं 'एसआरएस' (ही एअरबॅगची खूण) लिहिलेलं झाकण काढायला घेतलं, त्याच्या मधल्या रेघेवरून नख फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. फाटलेलं झाकण चिकटवून वर रंग मारलेला होता. आत हात घातला आणि त्याच्या तोंडून अहिराणीच निघाली, "आबा, आठे तं काहीच नही!"

खरंच काही नव्हतं. स्पंजचा एक तुकडा होता, आणि पिवळ्या कनेक्टरच्या दोन टोकांत खोचलेला, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा रेझिस्टर, म्हणजे करंटला रोध करणारा भाग. त्याचा रोध सांगणारे रंगपट्टे मीच वाचले: लाल, लाल, सोनेरी. दोन पूर्णांक दोन ओहम. दहावीच्या पोरांना शिकवलेलं साठी उलटल्यावर असं कामी येईल असं वाटलं नव्हतं. मॉड्यूल दर वेळी चावी फिरवली की प्रत्येक वायरीत इवलासा करंट सोडून रोध तपासतं. एअरबॅगच्या जागी तेवढाच रोध सापडला की त्याचं समाधान होतं आणि दिवा विझतो. आठ आण्यांच्या वस्तूने ते फसलं, आणि मी दोन वर्षं!

मग सगळंच उघडलं. शेजारच्या सीटपुढेही तेच. धडकेच्या क्षणी सीटबेल्ट मागे खेचणारी बारुदाची कळ असते, ती एकदाच उडते; ती उडून गेलेली आणि तिच्याही कनेक्टरात रेझिस्टर. हॉर्न का गेला? स्टिअरिंगखालची गुंडाळलेली पट्टी, जिच्यातून हॉर्नची आणि एअरबॅगची तार जाते, ती तुटली होती. एअरबॅगची तारही त्याच पट्टीतली, त्यामुळे दिवाही अधूनमधून लागायचा. मीच मनावर घेतलं नाही, हे कबूल करतो. गिअरच्या खालचं मॉड्यूल तीनपैकी एका बोल्टवर लोंबत होतं. धक्का ओळखणारा मुख्य सेन्सर त्याच डबीत असतो. डबी गाडीच्या तळाला घट्ट आवळलेली नसेल तर धक्का त्याला नीट कळणार कसा? डबीवर पुढची दिशा दाखवणारा बाण छापलेला असतो. निदान बाणाचं तोंड पुढे होतं, एवढी कृपा.

आता गंमत बघा. माझ्या गाडीचं मॉड्यूल 'रिसेट'च केलेलं होतं. धडकेत एअरबॅग उडाली की मॉड्यूल ती नोंद चिपमध्ये पक्की करतं आणि दिवा लावून बसतं. ती नोंद कुणीतरी पुसली होती. म्हणजे तुमच्या लेखात लिहिलं ते सगळं माझ्या गाडीत झालेलं आहे! एअरबॅग, बेल्ट, डबीबाहेरचे सेन्सर नवे टाकून मग कुणी नोंद पुसली तर मी भांडायला येणार नाही. कंपन्या तरीही मॉड्यूल बदला म्हणतात, तो वाद जाणकारांनी घालावा. पण लेखात पुसण्याचं वर्णन दीड कॉलम आणि एअरबॅग नवी बसवा हे एका ओळीतसुद्धा नाही?

विकणाऱ्याला फोन केला. म्हणाला, "काका, दिवा विझतो ना? मग?" तुमचा लेखकही हेच म्हणतो, फक्त शुद्ध भाषेत.

तक्रार करायची कुठे, तेही सांगा. पीयूसीवाला धूर बघतो. खासगी गाडी आरटीओपुढे पुन्हा उभी राहते ती पंधरा वर्षांनी. आरसी बुकात धडकेचा रकानाच नाही. विम्याचा क्लेम घेतला असेल तर तिथे नोंद सापडते. माझ्या गाडीचा घेतलेलाच नव्हता, का ते आता कळलं.

आणि विषय निघालाच आहे तर सांगतो. अपघाताच्या बातमीत तुम्ही दर वेळी "दैव बलवत्तर म्हणून बचावले" लिहिता. बेल्ट लावला होता का, एअरबॅग उघडली का, हे तुमच्या वार्ताहराला एकदा तरी विचारायला सांगा. परवाच्या बातमीतल्या फोटोत फुटलेली एअरबॅग स्टिअरिंगवर लोंबताना मला दिसते, आणि खाली श्रेय दैवाला!

बोरी नदीतल्या घाणीवरचं माझं मागचं पत्र तुम्ही अर्धं कापून छापलं होतंत, मुद्द्याचंच अर्धं. हेही लांबलंय, जाणून आहे. कापायचंच असेल तर चहाचा भाग कापा, पिवळ्या कनेक्टरचा नको.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर