टी-शर्ट नंतर, आधी संडासाचं बघा

संपादक महोदय,
स. न.

खेळातून मानवी हक्कांचा जागर करण्याविषयीचा आपला कालचा अग्रलेख वाचला. भाषा नेहमीप्रमाणे सुरेख. मेक्सिकोतल्या १९६८च्या ऑलिंपिकमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध उंचावलेल्या काळ्या हातमोज्यांच्या मुठी आल्या, त्यांना साथ म्हणून ऑस्ट्रेलियाच्या पीटर नॉर्मनने छातीवर लावलेला बिल्ला आला, मंडेला तर येणारच होते. शेवटी १० डिसेंबरच्या, मानवी हक्क दिनाच्या दौडीला खान्देशकरांनी सहकुटुंब यावं, टी-शर्ट मोफत मिळेल, असं आवाहन. मी येणार नाही. गुडघे हे एक कारण. दुसरं खाली लिहिते.

मी निवृत्त क्रीडाशिक्षिका. नोकरीतला बराच काळ सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळेत गेला. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरच्या पावरा आणि भिल मुली माझ्या खो-खोच्या संघात असत. पळणं त्यांना शिकवावं लागत नसे. खांबावर सूर मारणं आणि बसलेल्या गड्याला नीट खो देणं, एवढंच घोटून घ्यावं लागे.

एका वर्षी जिल्हास्तरीय स्पर्धेला संघ घेऊन गेले. गावाचं नाव घेत नाही, यजमान शाळेचंही नाही. पहाटेची एसटी धरून पोहोचलो. मैदान चुन्याने छान आखलेलं, मंडप, पाहुण्यांसाठी सोफे, कमानीएवढा फ्लेक्स. मुलींसाठी संडास एकच, आणि त्याला कुलूप. किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही. शिपायाने मोकळेपणाने सांगितलं, ‘‘बाई, आठे सोय नई शे. पोरीस्ले तठे वावरमा धाडा.’’ वावर कपाशीचं, आणि ऐन वेचणी चाललेली. बायाही होत्या, गडीही होते.

मुलींनी मग त्यांच्यापुरता उपाय काढला. पाणी पिणं बंद केलं. ऑक्टोबरचं आपल्याकडचं ऊन आपणास माहीत आहेच. दोन सामने त्यांनी तसेच काढले. एकीची पाळी आली होती, ती मधल्या वेळात माझी ओढणी कमरेला गुंडाळून बसून राहिली. अंतिम सामन्यात आमची सर्वांत चपळ मुलगी बचावाला उतरली आणि पोटऱ्यांत गोळे येऊन बसकण मारली. उठवलं तर उलटी. सामना गेला. त्याचं मला फारसं काही नाही, समोरचा संघ चांगलाच होता.

संयोजकांकडे गेले. सद्‌गृहस्थ खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, ‘‘बाई, आदिवासी मुली ना या? यांना उघड्यावरची सवय असते.’’ तासाभरात याच गृहस्थांनी बक्षीस समारंभात स्त्रीशक्तीवर भाषण केलं. मुली पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या, कारण मीच त्यांना भाषण संपलं की टाळ्या वाजवायला शिकवलं होतं. मी वरच्या कार्यालयाला लेखी तक्रार दिली. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. ती मुलगी पुढच्या हंगामात आईबापांबरोबर गुजरातला ऊसतोडीला गेली. त्या दिवसामुळे गेली असं मी म्हणत नाही, तिकडची बरीच कुटुंबं दरवर्षी जातात.

शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगवेगळी स्वच्छतागृहं आणि खेळाचं मैदान दोन्ही लिहिलेलं आहे. खेळ हा प्रत्येकाचा हक्क आहे हे युनेस्कोने १९७८ सालीच सनदेत घातलं. तेव्हा कायदा नाही, जाणीव नाही, ‘जागर’ हवा, असं काही नाही. किल्ली हवी आहे.

दूरची उदाहरणं देऊच नयेत असा माझा हेका नाही. १९७४ साली टेनिसच्या डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेशी खेळायला भारताने वर्णद्वेषामुळे नकार दिला आणि चषक हातचा जाऊ दिला. त्याचा मला आजही अभिमान वाटतो. पण अग्रलेखात तेही नाही. पळवणकर बाळूही नाहीत! १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या क्रिकेट गोलंदाजाला, दलित म्हणून, पुण्यात चहा मिळायचा तो मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडू मात्र त्याच्या हातचा चालायचा. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३मध्ये हिंदू क्रिकेट संघाचं कर्णधारपद मिळालं, तेही किती वर्षं डावलल्यावर. मराठी वर्तमानपत्राने मेक्सिकोला जाण्याआधी पुण्यात उतरायला हरकत नव्हती. आणि २८ मे २०२३ला लैंगिक छळाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या, पदकं जिंकलेल्या पहिलवान मुलींना दिल्लीच्या रस्त्यावर पोलिसांनी ओढत बसमध्ये घातलं, त्याबद्दल एक ओळ? जागा कमी पडली असेल. टी-शर्टच्या प्रायोजकांची जाहिरात त्याच पानावर होती, ती मात्र पूर्ण मावली.

आता आपल्याच घरचं. गेल्या महिन्यात तालुक्याच्या शालेय खो-खो स्पर्धेची बातमी आपण छापलीत. त्यात उद्‌घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालक आणि आभार मानणारे, सगळ्यांची नावं हुद्द्यासकट. विजेत्या संघातल्या एकाही मुलीचं नाव नाही. फोटोतही पाहुणे पुढे, ढाल पाहुण्यांच्या हातात, आणि मुलींच्या नुसत्या वेण्या दिसतात. संघातली मुलगी असं एखादं कात्रण जपून ठेवते, पण यात ठेवण्यासारखं काय होतं?

दौडीचं वार्तांकन आपण करालच. एक बातमीदार जरा मोकळा ठेवा. सध्या शालेय स्पर्धांचाच मोसम आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव, कुठल्याही मैदानावर त्याने सकाळी जावं, मुलींचं स्वच्छतागृह कुठे आहे, उघडं आहे का आणि आत पाणी आहे का, एवढंच बघून यावं. महिला बातमीदार असेल तर तिनेच जावं, दुपारपर्यंत थांबावं. जे दिसेल ते मैदानाच्या नावासकट छापा. मी नावं घेतली नाहीत, कारण माझ्याकडे आता पुरावा म्हणून पोचपावतीखेरीज काही नाही. आपल्याकडे कॅमेरा आहे.

पत्र लांबलं, क्षमस्व. काटछाट केलीत तरी संयोजकांचं वाक्य तेवढं ठेवा. आणि दिवाळीपासून आमच्या गल्लीत अंक नऊ वाजून गेल्यावर पडतो, एजंट फोन उचलत नाही, तेही जरा बघा.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
शहादा, जि. नंदुरबार