नाव पुसलं, पॅन राहिला

म्युनिक

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ऑफिसमधली मुलं नोटिसांची उत्तरं चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, ते बंद करू का, असं तू फोनवर विचारलंस. बंद करू नकोस. केलंस तर ती तेच काम कागदाचा फोटो काढून स्वतःच्या मोबाइलवर करतील, आणि बाहेर काय गेलं ते तुला कधीच कळणार नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी 2025 मध्ये ऑफिसच्या मशिनवर ही साधनं वापरायला मनाई केली. मंत्रालयाला ते जमतं, ठाण्याच्या नौपाड्यातल्या चार टेबलांच्या टॅक्स ऑफिसला जमणार नाही. शिवाय तुझा खरा फायदा हातचा जाईल.

तो फायदा कुठे आहे बघ. मासिक रिटर्नवाल्यांची जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, 14 तारखेला येते आणि 3बी हे कर भरायचं रिटर्न 20 पर्यंत भरायचं असतं. मधल्या दिवसांत वहिनी वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपवाल्यांची खरेदीची यादी एकेक बिल घेऊन 2बीशी जुळवत बसते. हे जुळवायचा फॉर्म्युला चॅटबॉट दोन मिनिटांत देतो, आणि त्यासाठी त्याला एकही बिल दाखवावं लागत नाही. रकान्यांची शीर्षकं पुरतात. असं लिहायचं: “माझ्याकडे एक्सेल 2016 आहे. ‘खरेदी’ आणि ‘2बी’ अशा दोन शीट आहेत. दोन्हींत ए रकान्यात जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), बीमध्ये बिल नंबर, सीमध्ये करपात्र रक्कम, डीमध्ये कर. बिल नंबरातल्या तिरक्या रेघा, डॅश आणि मोकळ्या जागा सोडून जुळव. एक रुपयापर्यंतचा फरक चालेल.” एक्सेल कुठलं ते सांगायचंच. नाहीतर तो एक्सलुकअप हे नवं फंक्शन देईल. ते 2019 पर्यंतच्या एक्सेलमध्ये नाही, त्यामुळे सगळ्या रकान्यात ‘#NAME?’ अशी एरर दिसेल आणि मुलं म्हणतील चॅटबॉट बिघडलाय.

इथे एक खोच आहे. पुरवठादार ‘टीएच/045’ लिहितो, आपल्या यादीत ‘टीएच-45’ असतं. सुरुवातीची शून्यं काढ म्हटलं की चॅटबॉट कधीकधी सरसकट सगळी शून्यं काढणारा फॉर्म्युला देतो. मग 45, 405 आणि 450 ही तिन्ही बिलं एकच होतात, आणि न आलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, आलेलं दिसतं. म्हणून खऱ्या यादीवर चालवण्याआधी मनाने बनवलेल्या पाच ओळींवर करून बघा आणि त्यात हे आकडे मुद्दाम घाला. बेरजा मात्र एक्सेललाच करू द्या. लांब रकाना चॅटमध्ये चिकटवून बेरीज मागितली की तो छातीठोकपणे चुकीचा आकडा देऊ शकतो.

नोटिशीच्या उत्तराचंही तसंच. एएसएमटी-10, म्हणजे रिटर्नमधल्या तफावतीची जीएसटी नोटीस, आली की 30 दिवसांत एएसएमटी-11 या फॉर्ममध्ये उत्तर द्यायचं असतं. मुद्दे कुठल्या क्रमाने मांडायचे, कुठल्या मुद्द्याला कुठला कागद जोडायचा, हा सांगाडा तो छान बांधून देतो. कलमं आणि निवाडे मात्र त्याच्या भरवशावर अजिबात लिहू नका. बंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणाला डिसेंबर 2024 मधला एक आदेश मागे घ्यावा लागला, कारण त्यात दाखला दिलेले काही निवाडे मुळात कुठे नव्हतेच. आयकराच्या नव्या पद्धतीत किती उत्पन्नापर्यंत कर शून्य, असं विचारलं तर तो जुन्या माहितीवरून 7 लाख सांगू शकतो. आर्थिक वर्ष 2025-26 पासून ते 12 लाख आहे. आणि आयकर कायदा 2025 ची अंमलबजावणी 1 एप्रिल 2026 पासूनची, म्हणजे कलमांचे क्रमांकच बदललेले. तो सवयीने जुने सांगेल. प्रत्येक कलम मूळ कायद्यात उघडून बघायचं.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. मुलं म्हणतात, आम्ही ग्राहकाचं नाव पुसूनच टाकतो. नाव पुसून भागत नाही. जीएसटीआयएनची 15 अक्षरं घे. पहिले दोन अंक राज्याचे, आपले 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे अख्खा पॅन. वर्कशॉपचा मालक एकटाच असेल तर तो त्याचा स्वतःचा पॅन. त्यातलं चौथं अक्षर ‘पी’ दिसलं की व्यक्ती, आणि पाचवं त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर. नाव काढलं, जीएसटीआयएन ठेवला, म्हणजे माणूस तसाच पुढे गेला.

दुसरं म्हणजे कुलूपबंद पीडीएफ. एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडचं ग्राहकाचं वार्षिक माहितीपत्रक, त्याची फाइल चढवली की चॅटबॉट सांगतो, पासवर्ड आहे, उघडत नाही. आणि घाईत मुलगा पासवर्ड तिथेच टाइप करतो. एआयएसचा पासवर्ड काय असतो? छोट्या अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. दोन्ही एका ओळीत देऊन मोकळे.

पीडीएफवर काळी पट्टी मारली तरी खालची अक्षरं फाइलमध्ये शिल्लक राहू शकतात, आणि चॅटबॉट तीच वाचतो. पानावरचं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटव, नाव उमटलं तर पट्टी कुचकामी. एक्सेलमध्ये लपवलेले रकाने आणि शीट फाइलबरोबर जातात. फाइलच्या नावातही ग्राहकाचं आडनाव असतं, ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मूळ फाइल कधीच चढवायची नाही. नवी कोरी फाइल उघडा, लागतील तेवढेच रकाने ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने आणा, जीएसटीआयएनऐवजी पुरवठादार 1, 2, 3 लिहा. कोण कुठला याची यादी तुझ्या कपाटातल्या वहीत ठेव. फॉर्म 16, आधार, बँकेचं पासबुक यांना या कामात जागाच नाही.

चॅटजीपीटीच्या खात्याचं थोडक्यात सांगतो. मोफत किंवा वैयक्तिक खात्यावरचा मजकूर मॉडेल शिकवायला वापरला जाऊ शकतो. सेटिंग्जमध्ये ‘डेटा कंट्रोल्स’खाली ‘इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन’ बंद कर. पण बंद केलं तरी मजकूर त्यांच्या सर्व्हरवर जातोच, तात्पुरत्या चॅटचाही 30 दिवसांपर्यंत राहू शकतो. बिझनेसच्या खात्यात मुळातच शिकवायला वापरत नाहीत, तेच घे, आणि प्रत्येकाला वेगळं लॉगिन दे. दुहेरी पडताळणी लावायची. 2023 मध्ये एक लाखाहून जास्त चॅटजीपीटी खात्यांचे पासवर्ड चोरबाजारात सापडले, सगळ्यात जास्त आशियातले, आणि देशांत भारत पहिला. ते कंपनीकडून फुटले नव्हते, लोकांच्या मशिनमधल्या व्हायरसने ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलले होते. म्हणून ब्राउझरमधली फुकटची ‘एआय’ एक्स्टेन्शन्स आधी काढून टाक.

ऑफिसचा जीमेल चॅटबॉटला जोडून द्यायचा मोह होईल. सध्या जोडू नकोस. आलेल्या बिलात पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत कोणी सूचना लिहून ठेवली तर माणसाला ती दिसत नाही, चॅटबॉटला दिसते, आणि तो ती तुझीच आज्ञा समजून पाळू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या एआय मदतनिसात जून 2025 मध्ये असंच एक भगदाड उघड झालं: एक मेल येऊन पडला तरी पुरे, क्लिकचीही गरज नव्हती. ते त्यांनी बुजवलं, पण हा प्रकार संपलेला नाही.

ग्राहक विश्वासाने कागद देतात ते तुझ्या हातात, दादा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती न जपल्याचा दंड 250 कोटींपर्यंत आहे, तो आकडा मुलांना एकदा वाचून दाखव. पट्टीवाली नोटपॅडची चाचणी त्यांच्यासमोर एका जुन्या फाइलवर करून दाखव, आणि वहिनीला फॉर्म्युल्याचा मजकूर या पत्रातून उतरवून दे. 405 आणि 450 वर काय उत्तर आलं ते मला कळव.

ती. आईस सा. न.

तुझा,
धाकटा