गृहकर्ज आधी फेडावे की पैसे गुंतवावेत : दोन्ही बाजूंचा हिशेब अर्धाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोनस, थकबाकी किंवा मुदत संपलेल्या ठेवीचे पैसे हाती आले की ते गृहकर्जात भरावेत की म्युच्युअल फंडात गुंतवावेत, या प्रश्नावर हल्ली वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर आणि त्याहून कितीतरी अधिक मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमध्ये हिरिरीने बोलले जाते. एक पक्ष ‘दोन लाख भरा, सात लाख वाचवा’ असे सांगतो. दुसरा पक्ष ‘तेच दोन लाख गुंतवा, पंधरा लाख होतील’ असे सांगतो. बँकेच्या कर्ज विभागात नोकरीचा बराचसा काळ घालवलेला माणूस म्हणून मला या दोन्ही मांडण्या अर्धवट वाटतात, आणि सामान्य कर्जदाराची त्यात दिशाभूल होते असेही वाटते. म्हणून हे पत्र.

उदाहरणासाठी ५० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरू. मासिक हप्ता ४३,३९१ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलात जमा होतात ते फक्त ७,९७४. पाच वर्षांत हा कर्जदार बँकेला २६ लाखांहून अधिक रक्कम देतो, तरी त्याचे मुद्दल सहा लाखांनीही उतरलेले नसते. खाते उतारा पहिल्यांदा नीट वाचणाऱ्याचा चेहरा उतरतो तो या आकड्यापाशी, आणि काउंटरवर ‘साहेब, काहीतरी चुकलंय’ हे वाक्य मी बहुतेक वेळा याच ओळीवर बोट ठेवून ऐकलेले आहे. काही चुकलेले नसते; शिल्लक मुद्दलावर व्याज आकारले की गणित असेच चालते.

आता याच कर्जात पहिल्या वर्षअखेरीस दोन लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे २१ हप्ते कमी होतात. त्या हप्त्यांची बेरीज सव्वानऊ लाखांच्या घरात जाते. भरलेले दोन लाख वजा केले की सव्वासात लाख उरतात, आणि ‘सात लाख वाचले’ ही जाहिरात इथून जन्माला येते. आकडा खोटा नाही. मात्र हे हप्ते वाचणार आहेत ते आजपासून साधारण १८ वर्षांनी, आणि दोन लाख रुपये साडेआठ टक्क्यांच्या मासिक चक्रवाढीने १८ वर्षे वाढले तर तेही सव्वानऊ लाखच होतात. म्हणजे आगाऊ परतफेड हा चमत्कार नसून कर्जाच्या दराइतका, निश्चित आणि करमुक्त परतावा देणारा एक व्यवहार आहे. त्याची तुलना रुपयांशी न करता दराशी करायला हवी.

दुसऱ्या पक्षाचे पंधरा लाख वर्षाला १२ टक्के परतावा गृहीत धरून आलेले असतात. त्यातून कर वजा केलेला नसतो. समभाग फंडातील दीर्घ मुदतीच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाची सूट सोडून, २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर लागतो. हा कर धरल्यास वरील कर्जदाराला फंडातून वर्षाला सुमारे साडेनऊ टक्के सातत्याने मिळाले तरच दोन्ही पारडी बरोबरीत येतात. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ६.५० वरून डिसेंबर २०२५ पर्यंत ५.२५ टक्क्यांवर उतरल्यामुळे ज्यांचे कर्ज साडेसात टक्क्यांवर आले आहे, त्यांच्यासाठी ही रेषा सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास आहे. अठरा वर्षांत तेवढा परतावा मिळणे अशक्य मुळीच नाही. पण एकीकडे ‘मिळेल’ आहे आणि दुसरीकडे ‘मिळतोच’ आहे, हा फरक कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

प्राप्तिकराच्या सवलतीबाबतचा गैरसमज तर इतका रुजलेला आहे की कर वाचावा म्हणून कर्ज ठेवणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंतच मिळते, आणि नव्या प्रणालीत, जी २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, ती अशा घरासाठी मिळतच नाही. जुन्या प्रणालीतही ५० लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी व्याज होते सव्वाचार लाखांच्या आसपास. आगाऊ भरण्याने जे व्याज कमी होते ते दोन लाखांच्या वरचे, म्हणजे ज्यावर सवलत नव्हतीच ते. सवलतीमुळे कर्ज खरोखर स्वस्त पडते ते शिल्लक मुद्दल वीस-बावीस लाखांच्या खाली असलेल्या, जुन्या प्रणालीत राहिलेल्या आणि ३० टक्के कर भरणाऱ्या व्यक्तीला. तिच्यासाठी साडेआठ टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात सहा टक्क्यांच्याही किंचित खाली येते, आणि तिने फेडण्याची घाई करू नये असे मीही सांगेन. पती-पत्नी सहमालक व सहकर्जदार असतील तर वजावट दोघांना स्वतंत्रपणे मिळते, हेही ध्यानात घ्यावे.

हिशेबाच्या पलीकडचा मुद्दा माणसाच्या वागण्याचा आहे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एकाच दिवसात १३ टक्क्यांनी कोसळला, तेव्हा ज्यांनी एसआयपी, म्हणजे फंडातली दरमहाची ठरावीक गुंतवणूक, तशीच चालू ठेवली त्यांचे पुढे भलेच झाले. पण कर्ज डोक्यावर असताना, पगाराची शाश्वती नसताना ती चालू ठेवणे किती जणांना जमते? शिवाय ‘कर्जात न भरता गुंतवू’ असे म्हणून मागे ठेवलेले पैसे निम्म्या घरांत गुंतवलेच जात नाहीत. ते स्वयंपाकघराच्या नूतनीकरणात, लग्नाच्या आहेरात किंवा नव्या गाडीच्या डाउनपेमेंटमध्ये जिरतात. तसा खर्च करू नये असे नाही, पण मग तो खर्च साडेआठ टक्के व्याजाच्या कर्जातून केला, असेच वहीत लिहावे लागेल.

मात्र उलट बाजूने असलेला नको तितका उत्साहही धोक्याचा आहे. हाताशी असलेली पै न् पै कर्जात भरून मोकळा झालेला कर्जदार पुढच्या महिन्यात नोकरी गेली तर बँकेला ‘मी मागे जादा भरले आहे’ असे सांगून हप्ता चुकवू शकत नाही. भरलेली रक्कम साध्या गृहकर्जातून परत काढता येत नाही. हवीच असेल तर नवे कर्ज, नवी कागदपत्रे, नवे शुल्क. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली होती खरी, पण त्या काळाचे व्याज चढतच होते. त्यामुळे सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च ठेवीत बाजूला काढल्याशिवाय आगाऊ परतफेडीचा विचारही करू नये. काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज देतात. त्यात जादा पैसे ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरजेला काढताही येतात. दर किंचित जास्त असतो, पण अनियमित उत्पन्न असलेल्या व्यावसायिकाला तो परवडण्यासारखा आहे.

या चर्चेत सहसा न येणारी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०२१ च्या मध्यास पावणेसात टक्क्यांनी ३० लाखांचे कर्ज घेतलेल्याचा हप्ता २२,८११ रुपये होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर अडीच टक्क्यांनी वाढला. अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत निमूटपणे लांबली. सव्वानऊ टक्के दराने त्या हप्त्यातून मुद्दलाला जेमतेम पाच-सहाशे रुपये जात होते. निवृत्तीच्या पुढे गेलेले हे हप्ते पाहूनच रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला देणे बंधनकारक केले. ज्यांचे असे झाले आहे त्यांनी फंड की कर्ज या वादात न पडता आधी मुदत पूर्ववत करण्यापुरती रक्कम भरावी. आणि त्याहूनही आधी दर तपासावा : ऑक्टोबर २०१९ पूर्वीची बँकांची अनेक कर्जे, तसेच गृहवित्त कंपन्यांची कर्जे रेपोशी जोडलेली नसतात, त्यामुळे दरकपातीचा लाभ तिथे उशिरा आणि अर्धामुर्धा पोहोचतो. थोडेसे शुल्क भरून दर अर्ध्या टक्क्याने उतरत असेल तर तो अर्ज आधी करावा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही; तरीही रक्कम भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असे लेखी द्यावे, नाहीतर हप्ता कमी होऊन अपेक्षित लाभ हातचा जातो.

माझे मत विचाराल तर, कर्जाची पहिली काही वर्षे आणि निवृत्तीच्या आधीची दहा वर्षे या दोन टप्प्यांत फेडीकडे कल असावा; मधल्या काळात, आपत्कालीन निधी असल्यास, गुंतवणुकीचा वाटा मोठा असायला हरकत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीतून कर्ज फेडण्याची योजना मात्र मला पसंत नाही, कारण ते पैसे म्हातारपणाचे आहेत.

वरील परिपत्रकानुसार आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम आणि उरलेले हप्ते दाखवणारे विवरण दर तिमाहीस कर्जदाराला उपलब्ध करून द्यावे लागते. बहुतेकांसाठी ते ॲपच्या एखाद्या कोपऱ्यात, इंग्रजीत पडून असते. महाराष्ट्रातील बँकांनी आणि गृहवित्त कंपन्यांनी ते मराठीत, ‘सध्याच्या दराने शेवटचा हप्ता अमुक महिन्यात’ या ओळीसह पाठवावे, अशी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी; आणि यापुढे आपल्या सदरात या विषयावर तक्ता छापताना परताव्याचा आकडा कर वजा करून द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली